खानावळवालीचा चेहरा

"हा तुझा ना?" नोरिओ म्हणाला, आणि कानाएच्या हातातल्या जेवणाच्या काड्या भाताच्या वाटीवर तशाच थांबल्या. टीव्हीवर शुक्रवारी रात्री लागून गेलेला, कानाएने काम केलेल्या ॲनिमेचा, म्हणजे हाताने काढलेल्या हलत्या चित्रांच्या मालिकेचा, भाग चालू होता. तो रेकॉर्ड करून ठेवायचा, रविवारी सकाळी न्याहारी करताना दोघांनी मिळून बघायचा, आणि शेवटी नावं वर सरकू लागली की त्यात 'होत्ता कानाए' येऊन जाईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, हा या घरातला लग्नापासूनचा नेम. मालिका नेहमीचीच होती. एक मुखदुर्बळ पोरगा या जगात मरतो, दुसऱ्याच कुठल्या जगात जन्म घेतो, तिथे त्याला अचाट शक्ती मिळते आणि मोठ्या डोळ्यांच्या मुली त्याच्या मागे लागतात. याच्या आधीच्या मालिकेतही हेच होतं, फक्त तिथला पोरगा जरा जाडा होता. नोरिओ अंड्याचं साल सोलत होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या सालीत होतं. पण पोरगा गाव सोडून निघाला तेव्हा खानावळ चालवणारी बाई भांडं घासता घासता मागे वळली, आणि नोरिओने मान वर केली. बाईचा चेहरा एका बाजूला ओघळल्यासारखा झाला होता. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, हनुवटी नको तितकी लांब. ओले हात तिने कमरेच्या फडक्याला पुसले, तेही एका लयीत नाही. आधी घाईने, मग हळू, मग नुसतंच फडकं धरून राहिली. संपलंच लगेच. पुढच्या चित्रात मोठ्या डोळ्यांची मुलगी पुन्हा किंचाळायला लागली. पण नोरिओच्या हातातलं अंडं अर्धं सोललेलंच राहिलं. कितीतरी दिवसांनी त्याला या टीव्हीवर एक जिवंत माणूस दिसलं होतं. म्हणून तो आनंदाने, अगदी पूर्वीसारखा, बोलून गेला, "हा शॉट तुझा ना? किती दिवसांनी!"

कानाएने काड्या खाली ठेवल्या. "तो माझा नाही," ती म्हणाली. "तो माझ्या हातून सुटलेला आहे." आणि मग जरा थांबून, "तुलाही पाठवलं वाटतं कुणीतरी? नेटवर शुक्रवारपासून तेच चाललंय. त्या बाईच्या तोंडाचं चित्र फिरवतायत. कुणी तिला भोपळा म्हणतंय, कुणी वितळलेली मेणबत्ती." नोरिओला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण कानाएचा चेहरा त्याला असा काही दिसला, की आपण भलत्याच ठिकाणी पाय दिला एवढंच त्याला कळलं. आणि पाय काढून घेण्याची त्याला सवय होती. दिवसभर तो हेच करायचा. भाड्याच्या खोल्या दाखवणाऱ्या दुकानात त्याची नोकरी होती. गिऱ्हाईक म्हणालं अंधार आहे, की तो म्हणायचा हो, उन्हाळ्यात थंड राहते. गिऱ्हाईक म्हणालं उजेड छान आहे, की तो म्हणायचा तेच तर. "अगं, थट्टा केली," तो म्हणाला. "दिसतंच होतं की बिघडलेलं." कानाएने त्याच्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. "बिघडलेलं?" "म्हणजे, तोंड वाकडं झालेलं. कुणालाही कळेल." "अच्छा," ती म्हणाली. तिने वाट्या उचलल्या. टीव्हीवर नावं सरकायला लागली होती, तिचं नाव यायचं होतं, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली होती. नोरिओ एकटाच बसून राहिला. तिचं नाव आलं आणि गेलं.

सोमवारी आणि मंगळवारी तो खोल्या दाखवत हिंडला. एक ओटा, एक न्हाणी, एक खिडकी. समोरच्या इमारतीतही तेच, त्याच्या पलीकडच्या इमारतीतही तेच. चाव्यांचा जुडगा खिशात वाजत होता आणि डोक्यात ते 'अच्छा'. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं. कानाए नेहमीसारखी होती, रात्री उशिरा यायची, सकाळी त्याच्या पिशवीत पाठीला लावायच्या औषधी पट्ट्या ठेवायची. त्या पट्ट्यांचा विचार आला की नोरिओला स्वतःची किळस यायची. बुधवारी सगळ्या खोलीवाल्या दुकानांना सुट्टी असते. बुधवारच्या नावातच पाणी, त्या दिवशी झालेला करार पाण्यासारखा वाहून जातो, असं धंद्यातले लोक मानतात. दर बुधवारी तो पाठ चोळून घ्यायला जातो असं त्याने कानाएला सांगितलं होतं. त्याच्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं. तो असागाया नावाच्या वस्तीत, खारवलेल्या माशांच्या दुकानावरच्या एका खोलीत जाऊन बसायचा. तिथे मुरोई नावाचा म्हातारा, जो आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला होता, पडदा लावून लोकांना ॲनिमे दाखवायचा. पण कुठल्याही टीव्हीवर न येणाऱ्या. कुणी वाळूवर बोटांनी रेघा ओढून केलेल्या, कुणी कोळशाने, कुणी एकट्यानेच घराच्या एका कोपऱ्यात बसून वर्षानुवर्षं काढलेल्या. गोष्ट असेलच असं नाही. असली तर संपेलच असंही नाही. आणि नोरिओ तिथे गुपचूप जायचा, कारण त्याची बायको टीव्हीवरच्या ॲनिमे बनवायची.

सुरुवातीला असं नव्हतं. सुरुवातीला त्याने तिला खोली दाखवली होती. उत्तरेच्या खिडकीखाली टेबल मावेल का, एवढंच तिने विचारलं होतं, न्हाणी बघितलीसुद्धा नाही. तेव्हा ती दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायची. हात वर आहे आणि हात खाली आहे, यांच्यामधला सगळा हात तिचा. लग्नानंतरचा पहिला रविवार त्याला अजून आठवतो. कुणीतरी राजपुत्र घोड्यावरून उतरत होता आणि कानाएने विचारलं, "ओळख, यातलं माझं काय?" त्याने कसलाही विचार न करता सांगितलं, "बाही." वाऱ्याने बाही हलली होती आणि बाही थांबल्यावरही कापडाचं टोक अगदी थोडं हलत राहिलं होतं. कानाए अंथरुणावर लोळून हसली होती. मग दर रविवारी हा खेळ. तो कधी चुकला नाही. गर्दीतून जाणारी म्हातारी, चहात फुंकर घालणारा सैनिक, बूट घालताना तोल जाणारी मुलगी. त्याला ॲनिमेतलं काहीएक कळत नव्हतं. त्याला कानाए कळत होती, आणि ती जिथे असायची तिथे ती त्याला दिसायची.

मग ती वर चढत गेली, आणि दिसेनाशी झाली. आता तिच्याकडे इतरांनी काढलेली चित्रं तपासायला येतात. प्रत्येक चित्रावर ती पातळ पिवळा कागद ठेवते, खालच्या रेषा त्यातून दिसतात, आणि नमुन्याच्या चित्रात जसा चेहरा आहे तसा ती त्या कागदावर पुन्हा काढते. दहा माणसं दहा हातांनी काढतात. त्यातून एकच चेहरा निघाला पाहिजे. ज्या दिवशी कुणाचाच हात दिसत नाही, त्या दिवशी तिचं काम चोख झालेलं असतं. कानाए हे काम इतकं चोख करायची की तिचं नाव आता शेवटी एकटं येतं, मोठ्या अक्षरात. आणि नोरिओला ती कुठेच सापडत नाही. त्याने पहिल्यांदा चुकीचं उत्तर दिलं तेव्हा ती म्हणाली होती, "वेड्या, आता सगळंच माझं आहे." तिला अभिमान वाटत होता. तो हसला होता. पुढच्या रविवारपासून खेळ बंद झाला, कुणी बंद केला नाही, आपोआप. त्याच्या जागी नोरिओ म्हणू लागला, "आजचा भाग चांगला होता." किती वर्षं तो हे म्हणत होता! पोरं मरत होती, दुसऱ्या जगात जन्मत होती, मोठ्या डोळ्यांच्या मुली किंचाळत होत्या, आणि तो म्हणत होता चांगला होता. त्याला कंटाळा यायचा. घाम फोडणारा कंटाळा. आणि त्या कंटाळ्याची त्याला भीती वाटायची, कारण आपल्याला नक्की कशाचा कंटाळा आलाय हे त्याला स्वतःला विचारायचं नव्हतं. मालिकांचा की जिने त्या बनवल्या तिचा. माणूस बायकोने भरून दिलेला डबा न उघडता बाहेर जेवतो आणि घरी येऊन म्हणतो, भाजी छान झाली होती. नोरिओ तसं करत होता.

मुरोईच्या खोलीत तो पहिल्यांदा शिरला तो एका घरमालकाकडे किल्ल्या पोचवून परत येताना. जिन्याच्या तोंडाशी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'आज पावणेतीन मिनिटांची एक. मग चहा.' त्याला वाटलं बघू तरी. वर उशा टाकलेल्या, खालच्या माशांचा वास, पाच-सहा माणसं. पडद्यावर कोळशाने काढलेली एक म्हातारी पर्सिमॉनचं फळ सोलत होती. साल तुटू न देता सोलत होती आणि ते तिला जमत नव्हतं. रेषा थरथरत होत्या, मागच्या चित्राची पुसलेली काजळी पुढच्या चित्रात राहिली होती. शेवटी साल तुटली, म्हातारीने ती तोंडात टाकली आणि संपलं. नोरिओ रडला. अंधारात, अनोळखी माणसांत, वयाच्या पन्नाशीला, एका सालीवरून. दिवे लागल्यावर मुरोईने त्याच्यापुढे सातूचा चहा ठेवला आणि म्हणाला, "पहिल्यांदा आलात ना? पहिल्यांदा येणारे एकतर रडतात नाहीतर फोन बघतात. रडणारे पुन्हा येतात." तो पुन्हा आला. पुन्हा पुन्हा आला. तिथे त्याला जे दिसायचं ते पूर्वी त्याने फक्त एका बाहीच्या टोकात पाहिलं होतं. म्हणजे तो तिथे कानाएलाच शोधायला जात होता, असं त्याने एकदा मनाशी म्हणून पाहिलं. पण हे म्हणणं इतकं सोयीचं होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

या बुधवारी तो गेला तेव्हा पडद्यावर दोऱ्याची एक नदी वाहत होती आणि नोरिओला ती दिसत नव्हती. "आज डोळे घरी ठेवून आलात," मुरोई म्हणाला. नोरिओने पाठीचं कारण सांगितलं. सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे खोटं आपण चुकीच्या माणसाला सांगितलं. चहा चालू असताना नेहमी येणारा चित्रकलेच्या कॉलेजातला एक दाढीवाला पोरगा फोन पुढे करून म्हणाला, "मुरोईसान, हे बघा. त्या मरून जन्मणाऱ्या पोराच्या मालिकेतलं आहे. सगळे हसतायत हिला. माझं तर हिच्यावर प्रेम बसलंय." मुरोईने फोन लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं. नोरिओने न बघताच ओळखलं. "टीव्हीवर?" मुरोई म्हणाला. "हे टीव्हीवर आलं? कुणी काढलंय हो हे? ज्याने काढलंय त्याला सोडून जाताना कुणीतरी असं मागे वळून पाहिलेलं आहे. नमुना बघून नाही काढता येत असलं." "काही दिवसांचीच सोबत आहे हिची," पोरगा म्हणाला. "मालिकेची डिस्क विकायला काढतील तेव्हा बदलून टाकतील. घासूनपुसून इतरांसारखा चेहरा करतील. तपासणाऱ्याला त्या दिवशी डुलकी लागली असणार." "लागू दे बापड्याला," मुरोई म्हणाला. "अशा चार डुलक्या लागल्या तर मी परत टीव्ही विकत घेईन." सगळे हसले. नोरिओही हसला, सवयीने, आणि हसता हसता त्याच्या तोंडून निघालं, "तिला डुलकी लागत नाही. ती माझी बायको आहे."

खाली दुकानात कुणीतरी मासे तोलून घेत होतं. मग दाढीवाला म्हणाला, "म्हणजे आम्ही इतके दिवस या मालिकांना शिव्या घालत होतो ते... तुम्ही बसून ऐकत होता?" "मी कधी काही बोललो नाही." "हसलात की!" पोराच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच नवल वाटलं होतं, आणि तेच नोरिओला जास्त लागलं. हसला होता तो. मोठ्या डोळ्यांची नक्कल करून कुणीतरी किंचाळून दाखवलं होतं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. मुरोईने त्याच्यासमोरचा चहाचा पेला उचलून बाजूला ठेवला. "होत्तासान, मी पोरांची चित्रं तपासण्यात जन्म घालवला," तो म्हणाला. "ज्याला तपासायची सवय लागते ना, त्याच्या नजरेतून वाकडी रेघ सुटत नाही. सुटावी म्हटलं तरी सुटत नाही. तुमच्या बाईंच्या हाताखालून हा चेहरा चुकून गेला असेल असं तुम्हाला खरंच वाटतं?" नोरिओला रविवारची ती नजर आठवली, नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकलेली, आणि आपल्या तोंडून निघालेला शब्द आठवला. "इथे काय बसलाय मग?" मुरोई ओरडला. "उठा!"

बसने तो कानाएच्या स्टुडिओपाशी गेला. तिथे तो आजवर एकदाच, छत्री द्यायला, आला होता. बायकोच्या कामाच्या जागी नवऱ्याने जाऊन उभं राहणं कुणाला आवडत नाही. सायकलींच्या रांगेशेजारी तो चोरासारखा थांबला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं आणि ते सगळं त्याला खोली दाखवतानाच्या बोलण्यासारखं वाटलं. ऊन उतरलं होतं तेव्हा कानाए बाहेर आली. आज लवकर निघाली होती. त्याला पाहून ती थबकली आणि पहिलं काय म्हणाली असेल तर, "पाठ कशी आहे?"

"पाठीला काही झालेलं नाही," नोरिओ म्हणाला. "कधीच काही झालं नव्हतं." दोघं चालू लागली. रेल्वेच्या रुळांशेजारच्या रस्त्याने घर वीसेक मिनिटांवर होतं. त्याने सगळं सांगितलं. खोली, उशा, म्हातारी, साल, किती दिवस, कसं कसं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या बुटांकडे बघत होता. ते नेहमीच्या वेगाने चालत होते. तो गप्प झाल्यावर ती म्हणाली, "मला वाटायचं कुणी बाई आहे. पट्ट्या लावणाऱ्या माणसाच्या अंगाला वास येतो, नोरिओ. तुला कधी आला नाही." "मग तू विचारलं का नाहीस?" "बाई असती तर भांडले असते. विचारायला भीती वाटायची." ती हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "आता काय भांडू? माझं सोडून दुसऱ्यांचं काम बघायला जात होतास. आणि घरी येऊन म्हणत होतास, चांगला होता."

"तो खानावळवालीचा शॉट चांगला होता," नोरिओ म्हणाला. "खरंच सांगतोय. रविवारी मी घाबरलो. तुझा चेहरा बघून घाबरलो आणि शब्द फिरवला. तो बिघडलेला नव्हता, कानाए. इतक्या वर्षांत मी असलं काही बघितलं नव्हतं." "ठाऊक आहे मला," कानाए म्हणाली. "सुनागाने काढलाय तो. नवीन मुलगी आहे, पहिल्यांदाच मुख्य चित्रं दिली होती तिला. वेळ कमी होता हे खरं. पण वेळ होता. मी पिवळा कागद ठेवला होता वर. पेन्सिलही टेकवली होती. खालून ती बाई माझ्याकडे बघत होती, हनुवटी लांब करून. मी कागद उचलला आणि तसंच पुढे पाठवून दिलं. का ते विचारू नकोस. सगळ्यांना सांगितलं, सुटलं माझ्या हातून. दिग्दर्शकाने मला काही म्हटलं नाही, सुनागाला म्हटलं. ती शनिवारी टेबलाखाली बसून रडत होती. मी तिला सांगू शकले असते. माझं धाडस झालं नाही. मला वाटलं, मला एकटीलाच चांगला वाटतोय, मीच म्हातारी व्हायला लागले असेन." रुळांवरून गाडी गेली. ती जाईपर्यंत कानाए थांबली. "रविवारी तू म्हणालास, हा तुझा ना. मी काय ठरवलं होतं सांगू? सोमवारी जाऊन सांगायचं, की सुटला नाही, मी सोडला. डिस्कमध्येही तसाच राहू द्या. माझा नवरा, ज्याला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, तो अर्धं सोललेलं अंडं हातात धरून बघत राहिला होता. तेवढं एक वाक्य मला पुरलं असतं. मी तुला नुसतं विचारलं, बिघडलेलं? म्हटलं आता म्हणशील, नाही गं."

नोरिओ उभा राहिला. "अजून सांगता येईल," तो म्हणाला. "आत्ता परत जाऊ. मी येतो. मी सांगतो त्यांना." "काय सांगशील? खोलीत उजेड छान येतो म्हणून?" हे ती चिडून बोलली नाही. "सोमवारीच दुरुस्त करायला घेतला. आज दुपारी दिला. मी स्वतः काढला, पहिल्या रेघेपासून. दोन्ही डोळे सारखे आहेत आता. हात पण नीट पुसते ती, एका लयीत. सगळे म्हणाले, होत्तासान म्हणजे होत्तासान. रंगायलाही गेला तो." नोरिओला तो चेहरा डोळ्यांसमोर आणावासा वाटला, ओघळलेला, लांब हनुवटीचा. तो आत्तापासूनच नीट आठवत नव्हता. तिच्या हाताने पुसला होता, पण पुसायला लावलं होतं आपण. आणि तेही कसल्या रागाने नाही, द्वेषाने नाही, नुसतं न्याहारीच्या टेबलावर तोंड कडू होऊ नये म्हणून. एवढ्याशा सुखासाठी माणूस काय काय मारून टाकतो, आणि त्याचं नाव समजूतदारपणा ठेवतो. त्याला तिचा हात धरावासा वाटला आणि धरण्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. ती दोघं रुळांच्या फाटकापाशी आली. फाटक पडत होतं.

मागून सायकलची घंटी वाजली. "होत्तासान!" एक मुलगी धापा टाकत उतरली, केस कसेतरी रबराने बांधलेले, बोटांना शिसं लागलेलं. नोरिओला पाहून ती दचकली आणि कमरेत वाकली. "सुनागा," कानाए म्हणाली. "आणि हे आमचे यजमान." सुनागा पुन्हा वाकली, आधीपेक्षा खाली. "माझ्यामुळे तुमच्याकडच्यांना फार त्रास झाला," ती म्हणाली. "माफ करा. पण होत्तासानांनी दुरुस्त केलेलं बघून मी दुपारभर सराव केला." मग कानाएकडे वळून, "तुम्ही निघून गेलात म्हणून मागे आले. एकदा बघाल?" तिने सायकलच्या टोपलीतून कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. खानावळवाली मागे वळून बघत होती. दोन्ही डोळे सारखे, हनुवटी छोटी, नमुन्यात होती तशी, तसूभरही इकडेतिकडे नाही. कानाए कागदाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. "चांगलं आहे," ती शेवटी म्हणाली. "खूप लवकर शिकलीस." सुनागाचा चेहरा फुलला. "कसं काढायचं नाही ते आता मला कळलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आमची आई मला सोडायला स्टेशनवर आली होती तेव्हा जशी दिसली होती तसं काढावं. पण ते कुणाला काय कळणार? आता नाही करणार तसं."

नोरिओच्या कानांत फाटकाची घंटा वाजत होती. हे आपल्याला सांगितलंच पाहिजे, आत्ता, या मुलीला. निदान हे एक. "सुनागासान," तो म्हणाला. "आधीचं चांगलं होतं. मी टीव्हीवर पाहिलं. मी जेवायचा थांबलो. ते चुकलेलं नव्हतं, हे चुकलंय. तुम्ही आधीचंच काढा. नेहमी तसंच काढा." सुनागाने त्याच्याकडे पाहिलं. मग कानाएकडे. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली, मोठ्या माणसाच्या चांगुलपणाने कानकोंडी होऊन हसतात तशी. "तुम्ही किती चांगले आहात," ती म्हणाली. "होत्तासान म्हणायच्याच, आमच्या घरी कधी कुणाच्या कामाला नावं ठेवत नाहीत." "नाही, नाही, मी खरं..." "खूप धीर आला. खरंच. आभारी आहे." ती कमरेत वाकली, कागद जपून टोपलीत ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली ठेवली, आणि सायकल वळवून गेली.

गाडी समोरून धडधडत गेली आणि फाटक उघडलं. पलीकडची माणसं इकडे आली, इकडची पलीकडे गेली. "तिला खरं वाटलं नाही," नोरिओ म्हणाला. "नाही," कानाए म्हणाली. "मी आणखी काही बोललो असतो तर?" "तरी नसतं वाटलं. मलाही आत्ता, तू बोलत होतास तेव्हा, क्षणभर वाटलं, हा हिची समजूत काढतोय." ती पुढे झाली. नोरिओ रुळांच्या अलीकडेच उभा होता. फाटकाची घंटा पुन्हा वाजायला लागली, आणि कानाए पलीकडून हाक मारून म्हणाली, "येतोस की नाही?"